निनावी की बेनामी?

प्रश्न दादरहून आला आहे: "समाजमाध्यमांवर खऱ्या नावाशिवाय लिहिणाऱ्यांना कायद्याने लगाम घालावा का, यावर लेख लिहितेय. 'अनॉनिमस'ला निनावी म्हणू, बेनामी की अनामिक?"

ताई, अनामिक कवितेला ठेवा. अनामिक हुरहूर ठीक, पण 'अनामिक आरोपी' म्हटलं तर ठाणे अंमलदारही हसेल.

बेनामीची गंमत आहे. फारसी 'बे' म्हणजे विना; म्हणजे घडण हुबेहूब निनावीची. पण बेनामी फ्लॅटला नाव असतंच, फक्त ते मेव्हण्याचं असतं. १९८८ च्या कायद्यातही बेनामी आहे ते याच अर्थाने. तेव्हा हा शब्द मालमत्तेलाच राहू द्या. दुसऱ्याचं नाव आणि फोटो लावून उघडलेल्या खात्याला आपल्याकडे पानिपतानंतरचा नेमका शब्द आहे: तोतया. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद आहेच. त्यासाठी निनावी लिहिणाऱ्यांच्या मागे लागायला नको.

खरी गफलत होते ती टोपणनावाशी. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही कविता छापून आली. खाली कवीचं नाव नव्हतं, भवानी तलवारीची खूण होती. राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टात उभा राहिला तेव्हा ही तलवार कोणाची हे शोधत बसायची सरकारला गरजच पडली नाही. १८६७ पासून अंकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं होतं. टिळकांना १८ महिने सक्तमजुरी झाली, तलवार तशीच राहिली. २०२१ च्या नियमांत ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या निरोप-सेवांना 'हा मजकूर पहिल्यांदा कोणी पाठवला ते ओळखता आलं पाहिजे' असं सांगितलंय. मला त्यात तीच जुनी प्रकाशक-ओळ दिसते. फरक इतकाच, की टिळकांनी आपलं नाव स्वतः छापलं होतं.

आणि हो, ओळखपत्र दाखवून घेतलेल्या सिमकार्डावर उघडलेलं खातं निनावी कसलं? ते 'नाव गुप्त' खातं. वाचकाला नाव ठाऊक नाही, कंपनीला माग काढता येतो. तुमच्या लेखाचा वाद खरं तर इथे आहे: ते नाव कोणी, कोणाच्या हुकमाने मागायचं?

खरं नाव लावलं की माणूस जपून लिहितो आणि सुरक्षित राहतो, असं लिहिणार असाल तर पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, स्वतःच्या नावाने. अटक तिला झाली, आणि ते 'लाइक' करणाऱ्या मैत्रिणीलाही. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने रद्द केलं ते २४ मार्च २०१५ ला.

मग निनावी कुठे वापरायचा? ज्याला नावही नाही आणि मागही नाही, तिथेच. जसं आमच्या सोसायटीच्या जिन्यात दाराखालून सरकवलेलं पाण्याच्या टाकीबद्दलचं पत्र. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'निनावी पत्रांची दखल घेतली जाणार नाही.' खाली सही नव्हती. नुसतं 'आदेशावरून'.