आधी पिवळं हिरवं कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा परवा रात्रीचा, आपल्या त्या ऑनलाइन गेमबद्दलचा निरोप वाचला. 'मावशी, ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये परत जायचंय. जुनं खातं चालू करू की नवं, सगळं एकट्यानं मिळवायचं आयर्नमॅन खातं काढू?' आणि खाली गाइडच्या लिंक्सची ही एवढी रांग. प्रश्न साधा आहे, पण तो ज्या घालमेलीनं लिहिलायस ती साधी नाही. म्हणून फोन केला नाही. फोनवर तू नुसता हो हो करतोस.

उत्तर आधीच देऊन टाकते. जुन्या खात्यात जा. क्वेस्टची, म्हणजे गेममधल्या माणसांनी सांगितलेल्या कामांची, यादी उघड. त्यात जी नावं पिवळी, म्हणजे अर्धवट, दिसतील ती पूर्ण करून हिरवी कर. बाकी सगळं त्यानंतर.

तू लिहिलंयस की यादी बघून लाज वाटली, इतकं लाल उरलंय. लालाची कसली लाज? लाल म्हणजे जी क्वेस्ट तू अजून सुरूच केलेली नाहीस. त्या माणसाशी तू बोललेला नाहीस, त्याला काही कबूल केलेलं नाहीस. पिवळ्याचं तसं नाही. तिथे तू कुणाच्या तरी दारात उभा राहून 'करतो तुझं काम' म्हणालास आणि बारावीच्या वर्षी लॉगआउट करून निघून आलास. मला यादीतल्या लालाचं काही वाटत नाही. मला ते पिवळं खुपतं.

त्यात तुझी पिवळी पडलेली क्वेस्ट कुठली, तर वन स्मॉल फेवर! शिलो व्हिलेजमधल्या यानीला थोडं लाल महोगनीचं लाकूड हवं असतं, एवढंच. लाकूड असतं जंगलातल्या फॉरेस्टरकडे, पण त्याची कुऱ्हाड बोथट झालेली. धार लावणारा ब्रायन पोर्ट सारिमला. ब्रायन म्हणतो, लावतो की, पण आधी ड्रेनॉरच्या अॅगीकडे माझं एवढं काम कर. अॅगीचं आणखी तिसऱ्याकडे अडलेलं. असं करत करत तू बार्बेरियन व्हिलेजमधल्या टॅसी कुंभारणीपर्यंत, तिथून टॅव्हर्लीच्या सॅनफ्यूपर्यंत आणि पुढे पार फेल्डिप हिल्समधल्या रँट्झपर्यंत पोचतोस. त्यानंतर तीच माळ उलटी ओवत परत यायचं. लोक या क्वेस्टला शिव्या घालतात. मला ती या गेममधली सगळ्यात शहाणी क्वेस्ट वाटते, आणि हे मी कुणाशीही भांडून सांगेन. त्यात प्रत्येक माणूस दुसऱ्या कुणासाठी तरी थांबलेला आहे, आणि तू हललास तरच सगळे हलणार आहेत.

तू रँट्झपर्यंत गेला होतास. म्हणजे जाणं जवळपास झालं होतं, येणं राहिलं होतं. तिथे सोडलंस! आता एक कर. लॉगिन झाल्यावर त्या पिवळ्या नावावर क्लिक कर आणि जर्नल वाच. वरून खाली एकेक ओळ, आणि जे झालं त्या ओळीवर काट मारलेली. ती प्रत्येक काट तू शाळेतून येऊन, दप्तर टाकून मारलेली आहेस. गेमनं त्यातली एकही पुसलेली नाही. नव्या खात्यात हे पान कोरं असणार. तेच हवंय का तुला?

'मी फार मागे पडलो' हे वाक्य तुझ्या निरोपात दोनदा आलंय. कुणाच्या मागे? २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सेलिंग हे कौशल्य आलं, ओल्ड स्कूलमध्ये आलेलं पहिलंच नवं कौशल्य. त्या दिवशी ज्यांनी तेवीसच्या तेवीस कौशल्यं ९९ या शेवटच्या लेव्हलवर नेली होती, तेसुद्धा त्यात लेव्हल १ वर उभे होते. कमाल एकूण लेव्हल २,२७७ होती, ती २,३७६ झाली. ज्यांना आपण पोचलो असं वाटत होतं तेही पुन्हा वाटेला लागले, आणि बहुतेक जण आनंदानं लागले. या गेमची बांधणीच तशी आहे. ९९ ला १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात आणि ९२ ला पोचलास की त्यातले निम्मे झालेले असतात, ६५,१७,२५३. शेवटच्या सात लेव्हल म्हणजे निम्मी वाट. असल्या गेममध्ये पुढे-मागे मोजत बसणाऱ्याला काही हाती लागत नाही. पिवळं हिरवं झालं की नाही, हे मात्र मोजता येतं. झालं किंवा नाही झालं.

दुसरी तुझी तक्रार, गेम ओळखीचा राहिलेला नाही. बरोबर आहे. तू सोडलास तेव्हा व्हार्लामोर हा प्रदेश नव्हता, टूम्ब्स ऑफ अमास्कुट ही मोहीम नव्हती, नकाशावर समुद्र नुसता निळा रंग होता. पण हे बदल झाले कसे ते लक्षात घे. २०१३ च्या फेब्रुवारीत जॅजेक्स या गेमच्या कंपनीनं खेळाडूंना विचारलं की २००७ च्या ऑगस्टमधल्या बॅकअपवरून जुना गेम पुन्हा सुरू करायचा का. जवळजवळ साडेचार लाख मतं पडली आणि ओल्ड स्कूल उभा राहिला. तेव्हापासून गेममध्ये काही मोठं आणायचं तर मतदान होतं. आधी ७५ टक्के लागायचे, २०२२ पासून ७० टक्के. वॉर्डिंग नावाचं कौशल्य २०१९ मध्ये याच मतदानात पडलं, आलंच नाही. तेव्हा तुझ्या मागे कुणी घर पाडून नवं बांधलेलं नाही. राहणाऱ्यांनी एकमेकांना विचारून खोल्या वाढवल्या. लंब्रिजचा किल्ला होता तिथेच आहे, आणि तिथला स्वयंपाकी अजून अंडं, दूध आणि पीठच मागतो.

आता आयर्नमॅनबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. आयर्नमॅन वाईट नाही. कुणाशी देवाणघेवाण नाही, ग्रँड एक्स्चेंज हा गेममधला बाजार नाही, जे लागेल ते स्वतः मिळवायचं. मला त्याबद्दल आदर आहे. पण ते ट्युटोरियल आयलंडवर, म्हणजे नवं खातं सुरू होतं त्या बेटावरच निवडावं लागतं, जुन्या खात्याचं आयर्नमॅन होत नाही, आणि तुला नेमकं हेच सोयीचं वाटतंय. नियम म्हणून का होईना, जुनं मागे टाकायला कारण मिळालं. तुला कठीण खेळायचंय असं तू म्हणतोस. मला तसं दिसत नाही. तुला स्वच्छ पान हवंय, ज्यावर मागची खाडाखोड नाही. 'गाइडप्रमाणे पहिल्या मिनिटापासून नीट खेळेन' असं लिहिलंयस ना? अरे, तू पंधराव्या वर्षी जे वेड्यासारखं खेळलास, ड्रेनॉरला विलो तोडत बसलास, बँकेत नको ते साठवलंस, तेच तर तुझं खातं आहे. दर तासाला किती एक्सपी मिळाले याचा हिशेब ते ठेवत नाही, आणि तूही ठेवू नकोस. हवं तर पुढच्या वर्षी आयर्नमॅन काढ, मी स्वतः शुभेच्छा देईन. पण त्याआधी पिवळं हिरवं कर.

मी एवढं ताणून का धरते, तेही सांगते.

आमच्या वेळी हा गेम ब्राउझरमध्ये जावावर चालायचा. त्यामुळे सायबर कॅफेतल्या कुठल्याही रडक्या मशीनवर उघडायचा. वर्ल्ड १ नावाचा सर्व्हर, वॅरॉक शहराची पश्चिमेकडची बँक. बाहेर ही गर्दी, जो तो ओरडतोय, लॉबस्टर विकणे आहे, कोळसा हवा आहे. वाक्याआधी 'फ्लॅश२:' टाइप केलं की अक्षरं रंग बदलत लुकलुकायची आणि गर्दीतही आपलं वाक्य दिसायचं. तिथे माझी फिनलंडच्या एका मुलीशी गाठ पडली. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे बरं जमलं. मामाच्या अमेरिकेतल्या कार्डावर मी पैसे भरून मिळणारी मेंबरशिप घेतली आणि आम्ही दोघींनी मंकी मॅडनेस ही क्वेस्ट सुरू केली. ठरलं असं की जो टप्पा तिनं केला तोच मी त्याच संध्याकाळी करायचा, पुढे कुणी जायचं नाही. एप अटॉलवर माकडांच्या कैदेतून किती वेळा पळालो असू! शेवटची जंगल डीमनची लढाई राहिली आणि माझी मेंबरशिप संपली. पुन्हा मामाकडे मागायला संकोच वाटला. तिला सांगितलं, पुढच्या महिन्यात करू. मग परीक्षा, मग नोकरीची शोधाशोध, मग लग्न.

२०१३ मध्ये ओल्ड स्कूल आला तेव्हा सगळ्यांनाच शून्यापासून सुरुवात होती. त्या बॅकअपमधून गेम आला, आमची प्रगती आली नाही. माझं जुनं खातं मूळ रूनस्केपमध्ये होतं, तो गेम वेगळा चालूच होता. तिथे जाऊन मी ती क्वेस्ट पुरी केली, एकटीनं. नाव हिरवं झालं. तिच्या नावापुढे ऑफलाइन होतं, आजही आहे. ती माझी वाट बघत थांबली होती की पुढच्याच आठवड्यात डीमन मारून मोकळी झाली, हे मला कधीच कळायचं नाही. पुरं न केलेलं नंतर पुरं करता येतं, पण ज्याच्याबरोबर करायचं ते माणूस थांबेलच असं नाही. म्हणून हा हट्ट. तेव्हापासून मी यादीत पिवळं राहू देत नाही. हातातलं संपल्याशिवाय नव्या क्वेस्टच्या दाराशी जात नाही. क्लॅनमधली, म्हणजे माझ्या गेममधल्या गटातली, मुलं म्हणतात की ही पद्धत चुकीची आहे, एका फेरीत चार क्वेस्ट एकदम उरकाव्यात, वेळ वाचतो. वाचत असेल. मला तो वेळ नको आहे.

आणि घरात मला 'या वयात कसला गेम' म्हणतात, तुलाही उद्या म्हणतील. त्यांना वाटतं ही पळवाट आहे. माझ्या ऑफिसात वर्षानुवर्षं फायली अर्ध्यात पडून राहतात आणि कुणालाच त्या दिसत नाहीत. त्यावर पिवळा रंग चढत नाही. रात्री तासभर मी अशा ठिकाणी जाते जिथे माझं अर्धवट मला रोज समोर दिसतं आणि ते पूर्ण करणं फक्त माझ्या हातात असतं. त्यातून मला दिवसभराचं बळ मिळतं. याला पळणं म्हणायचं असेल तर म्हणोत. मी कुणाला पटवायला जात नाही. तुला मात्र पटवायचं आहे, कारण तू मला विचारलंस.

आता कामाचं. जुन्या खात्याला शाळेतला ईमेल जोडलेला असेल, तो आधी ताब्यात घे, मग पासवर्ड बदल, लॉगिनला कोड मागणारा ऑथेंटिकेटर लाव. बँकेचा चार आकडी पिन विसरला असशील तर रिसेटला काही दिवस जातात, घाबरू नकोस. वन स्मॉल फेवर मेंबरांची क्वेस्ट आहे, तेव्हा मेंबरशिप लागेल. जुन्या बँकेत नाणी असतील तर ग्रँड एक्स्चेंजवर बाँड घे, त्यावर मेंबरशिपचे १४ दिवस मिळतात, तेवढे पुरेत. बाहेरून पैसे देऊन गेममधलं गोल्ड अजिबात घ्यायचं नाही. नियमात बसत नाही, खातं जातं, आणि मी तुझ्याशी बोलणार नाही.

हिंजवडीच्या बसमध्ये जाता-येता फोनवर खेळ. २०१८ पासून तेच खातं फोनवरही चालतं. सर्व्हर इंग्लंडमध्ये असला तरी काळजी नको, हा गेम ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, आपल्याकडच्या पिंगनं, म्हणजे सर्व्हरपर्यंतच्या विलंबानं, क्वेस्टमध्ये काही बिघडत नाही. एका फेरीत एक काट, बस. रात्रीची झोप मोडून खेळायचं नाही, नवी नोकरी आहे. पुढची पायरी बाणानं दाखवणारा क्वेस्ट हेल्पर लावायचाच असेल तर लाव, पण बाणामागे पळताना माणसं काय बोलतात ते वाचत जा. पोर्ट खझार्डचा टिंडेल, आर्डोनचा क्रॉम्पर्टी, सगळे तुझी वाट बघतायत. धार लावलेली कुऱ्हाड फॉरेस्टरला दे, लाकूड यानीला पोचव. बदल्यात दहा-दहा हजार एक्सपीचे दोन दिवे मिळतील. ते कुठे घासायचे यासाठी गाइड बघू नकोस, जे कौशल्य तुला आवडतं त्यात घास.

शनिवारी रात्री नऊनंतर मी असते. वर्ल्डचा नंबर कळव, फेल्डिप हिल्सपाशी येते, परतीच्या वाटेवर बरोबर चालू. सेलिंगला तुला होडी कशी घ्यायची ते दाखवीन, पण नाव हिरवं झाल्यावर. आणि त्या गाइडच्या लिंक्स मला पुन्हा पाठवू नकोस.

तुझी,
मावशी