पीसीएल-५ मराठीत करून खेड्यात वापरली तर चालेल का? माझ्या मायला २६ गुण मिळाले होते

तुम्ही विचारलंय: "एम.ए. मानसशास्त्राचा प्रबंध करतेय. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांमध्ये पीटीएसडी (भयंकर आघातानंतर मनाला जडणारा विकार) मोजायचाय. पीसीएल-५ या त्यासाठीच्या प्रश्नावलीचं मराठी भाषांतर करून गुगल फॉर्म पाठवला तर चालेल का? आणि किती नमुने पुरतील?"

चालेल. प्रबंध पासही होईल. गाइड खूश, विद्यापीठ खूश. फक्त त्यात जे आकडे येतील ते कशाचे असतील, ते मला विचारू नका.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, ब्रह्मपुरीकडची. एमएसडब्ल्यू झाल्यावर दोन वर्षं एका संशोधन प्रकल्पात फील्ड इन्व्हेस्टिगेटर होते. वाघाच्या हल्ल्यातून वाचलेले, हल्ला डोळ्यांनी पाहिलेले आणि मृतांचे घरचे, असे तिन्ही गट होते. संस्थेचं नाव सांगत नाही. प्रश्नावली तुमचीच, पीसीएल-५. वीस प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८० पैकी. ३१ ते ३३च्या वर गेलं की 'बहुधा पीटीएसडी'. ही रेषा मुख्यतः अमेरिकी माजी सैनिकांवरच्या अभ्यासांतून आली आहे. तुम्हाला हे ठाऊक असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

आमचं भाषांतर नियमानं झालं होतं. इंग्रजीतून मराठी, मग दुसऱ्या माणसाकडून मराठीतून इंग्रजी, मग तज्ज्ञांची समिती. उलट भाषांतर मूळ इंग्रजीशी इतकं जुळलं की मॅडमनी (आमच्या प्रकल्पप्रमुख) मीटिंगमध्ये पेढे वाटले. जुळणारच होतं. दोन्ही भाषांतरकार एकाच शहरातले, एकाच प्रकारच्या शाळेत शिकलेले. त्यांचं एकमेकांशी जुळलं. आमच्या गावाशी जुळलं की नाही, हे विचारायला समितीत गावातलं कोण होतं?

पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना विचारलं, "गेल्या महिन्यात त्या घटनेच्या आठवणींनी तुम्हाला किती त्रास झाला?" भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. आजोबा म्हणाले, "घटनेनं तरास कायचा पोरी? घटनेनं त आमाले माणूस केलं." माझ्यासोबतची पुण्याची मुलगी खाली मान घालून शून्य टिक करत होती. तो शून्य मी तिथल्या तिथे खोडायला लावला. असे किती शून्य खोडले गेले नाहीत, कोण जाणे.

आता मायबद्दल. खरं तर तिच्यासाठीच हे उत्तर लिहायला बसले.

२०१८ चा एप्रिल. मोहफुलाचे दिवस. मोह पहाटे गळतो आणि उजाडल्यावर गेलं तर गुरं आणि दुसऱ्या बाया आधी पोचलेल्या असतात, म्हणून चारलाच निघायचं. माय आणि माझी मोठी आई (मायची जाऊ) दोघी गेल्या. दोन झाडं, मध्ये चाळीसेक पावलांचं अंतर. दोघी वाकून वेचत होत्या. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, असं फॉरेस्टवाले सांगतात. मायनं डरकाळी वगैरे काही ऐकली नाही. लुगडं फाटल्याचा आवाज ऐकला, टर्रकन, एकदाच. वळून पाहिलं तर मोठ्या आईची बॅटरी पाल्यात पडलेली, पेटलेलीच, आणि उजेडात टोपलीतून सांडलेली फुलं. मोठी आई नाही.

पंचनाम्यात मायचं नाव साक्षीदार म्हणून आहे. सही कुठं करायची ते गार्डनं बोट ठेवून दाखवलं. सरकारी मदत मोठ्या बाबांच्या घरी गेली, आणि ते योग्यच आहे (आता ती रक्कम २५ लाखांपर्यंत गेली आहे). जखमींनाही मिळते. पाहणाऱ्याला काही नाही. माझा दादा तर मायला दोन-तीनदा म्हणाला, "तुला तर खरचटलंही नाही." डीएसएम, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका, मात्र वेगळं सांगते. कोणती घटना पीटीएसडीसाठी आघात धरायची हे सांगणाऱ्या तिच्यातल्या निकष-अ मध्ये मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा स्वतःवर ओढवणं जसं बसतं, तसं दुसऱ्यावर ओढवलेलं समोर पाहणंही बसतं. म्हणजे वनखात्याच्या कागदावर माय साक्षीदार, मानसोपचाराच्या कागदावर पीडित. मला वाटलं, चला, एका तरी कागदावर तिची दखल घेतली जाईल.

दोन वर्षांनी आमच्याच गावात सर्वेक्षण आलं. नातेवाइकांची मुलाखत घ्यायची नाही असा नियम, म्हणून मायला सहकारी मुलीनं विचारलं आणि मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले. मॅडमचा दुसरा नियम: प्रश्न जसाच्या तसा वाचायचा. समजलं नाही तर पुन्हा वाचायचा. समजावायचा नाही.

"किती त्रास झाला?" माय म्हणाली, "मले कायचा तरास? तरास त तिले झाला."

"अजिबात नाही, थोडासा, मध्यम, बराच, की अतिशय?" माय म्हणाली, "मध्यम मंजे का? पंखा हाय का हा?" मुलगी हसली, माय हसली, मीही हसले.

"त्या घटनेची आठवण करून देणाऱ्या जागा तुम्ही टाळता का, उदाहरणार्थ जंगल?" हे जंगल समितीनं घातलेलं, मूळ इंग्रजीत नाही. माय चिडली. "जंगलात नाई गेलं त खावाचं काय?" शून्य.

एकूण गुण २६. शिवाय टाळण्याचे दोन्ही प्रश्न शून्य. पीसीएल-५ वरून डीएसएमच्या निकषांनी तात्पुरतं निदान मांडायचं तर लक्षणांचे चार गट असतात; २ किंवा वर गुण असलेलं लक्षण पहिल्या गटात एक, टाळण्याच्या गटात एक आणि पुढच्या दोन गटांत दोन-दोन लागतात. टाळणं शून्य म्हणजे दार बंद. डेटा एंट्री करताना मीच ते २६ टाइप केले. माय 'निकषात न बसणारे' या रकान्यात गेली.

पण माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच होतं. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही तालुक्याला ब्लाउज पीस घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं मीटर लावला, कात्रीनं कापडाला नख दिलं आणि दोन हातांनी ओढलं, टर्रकन. मी पैसे काढायला पर्समध्ये पाहत होते. वर पाहते तर माय नाही. चपला दुकानाच्या पायरीशी तशाच. अर्ध्या तासानं एसटी स्टँडवर सापडली, भिंतीला पाठ लावून, अनवाणी, पदराचा बोळा तोंडात. म्हणाली, "ऊन लागलं." ऑक्टोबरात!

म्हणून त्या रात्री, सर्वेक्षण झाल्यावर, चुलीजवळ मी तिला पुन्हा विचारलं. तेच वीस प्रश्न, पण माझ्या तोंडानं आणि तिच्या दिवसाला धरून. "कोणी कापड फाडलं की काय होते?" ती बराच वेळ बोलली नाही. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "इथं कोनी तरी बसते." ही तर सरळसरळ चार गुणांची शारीरिक प्रतिक्रिया. दिवसा छापील वाक्यात विचारलं तेव्हा ती 'नाही' होती, कारण कापडाचं दुकान म्हणजे वाघाची आठवण, असं तिनं स्वतःशीही कधी जोडलं नव्हतं. "मोठ्या आईची गोष्ट निघाली की तू उठून का जातेस?" "भात लागते." रोज भात लागतो? "त्या मोहाकडं जातेस का?" "त्या मोहाकडं कोन जाते बाप्पा, अख्खं गाव नाई जात." अख्खं गाव नाही जात, म्हणून ते तिच्या हिशोबात टाळणं नव्हतंच. आणि दोषाचा प्रश्न, जिथं दिवसा शून्य होतं, तिथं ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "तिले झोप आली होती. मीच उठवलं होतं."

पुन्हा बेरीज केली तर ४४ आली.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. म्हटलं, निदान फॉर्मच्या समासात टीप लिहू द्या. त्या म्हणाल्या, "तुझी आई आहे म्हणून तुला असं वाटतंय." खोलीत सहा जण होते. त्या वाक्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते. हो, माझी आई आहे, म्हणूनच मला कुठला शब्द कुठं बसत नाही ते कळलं. जिची आई नव्हती तिला २६ दिसले.

आणि हे शब्दांपुरतंच नाही. वीस प्रश्नांत एक आहे सतत सावध, पहाऱ्यावर असण्याचा. आमच्या सर्वेक्षणात जवळपास सगळ्यांना त्यात तीन-चार गुण. अरे, गावाच्या बोडीवर (तळ्यावर) वाघाचे पगमार्क दिसलेत, तर माणूस सावध असणार नाही? ते लक्षण की शहाणपण? पीटीएसडीतला पहिला शब्दच 'पोस्ट', म्हणजे संकट होऊन गेलंय हे गृहीत धरलेलं. १९८० मध्ये डीएसएम-३ मध्ये हे निदान आलं, त्यामागे व्हिएतनामहून घरी परतलेले सैनिक होते. ते घरी आले होते. आमचं घरच जंगलाला लागून. आयसीडी-११ मध्येही (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) 'आत्ताही धोका आहे' असं सतत वाटत राहणं हे मुख्य लक्षण धरलंय; इथं धोका खरोखरच आहे. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात, वर्णभेदाच्या काळात, तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी याच कारणानं 'सतत चालू असलेला आघात' अशी वेगळी कल्पना मांडली होती. वाघाचंच म्हणाल तर सुंदरबनात वाघानं नवरा नेलेल्या बायांवर अभ्यास झालेत. तिथं त्यांना नवरा खाणारी म्हणतात. असली गोष्ट कुठल्या वीस प्रश्नांत मावते?

तुमच्या विषयाकडे येते. आत्महत्याग्रस्त कुटुंब म्हणताय, तर एक गोष्ट आधीच पक्की करा. कर्ज, नापिकी, सावकार, बँकेची नोटीस यातलं काहीही निकष-अ मध्ये बसत नाही, कितीही भयंकर असलं तरी. नवऱ्याला गोठ्यात तसं पाहणं बसतं. जवळच्या माणसाचा हिंसक मृत्यू कळणंही बसतं. म्हणजे त्या घरातल्या बायकोला पीटीएसडी मोजता येईल आणि तसल्याच कर्जाखाली दबलेल्या, पण घरातलं कोणी न गेलेल्या शेजाऱ्याला येणार नाही. त्याचं नैराश्य मोजा, त्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. त्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्यावर काम केलं, आणि नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. माझ्या मते ते प्रश्न कोणाच्या तोंडून आले याचा त्यात मोठा वाटा आहे. मॅडमना हे मान्य होणार नाही.

आणि विदर्भ म्हणजे एक गाव नाही. यवतमाळची वऱ्हाडी आणि आमची झाडीबोली यांत फरक आहे. नागपूरच्या मुलीनं केलेलं भाषांतरही आमच्याकडं तपासूनच घ्यावं लागेल. आठ-दहा बायांना प्रश्न वाचून दाखवा आणि उत्तर न विचारता एवढंच विचारा, "मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा." निम्मे प्रश्न तिथंच उलगडतील. ० ते ४ साठी मी नंतर टोपली वापरायला लागले: रिकामी, बूड झाकलेलं, अर्धी, पाऊण, शिगोशीग. पंख्याचा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेल. एक, मी मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि पीसीएल-५ हे निदान नाही, चाळणी आहे. निदानासाठी सीएपीएस-५ सारखी मुलाखत लागते, ती प्रशिक्षित माणसानंच घ्यायची, आणि तिच्यात खोदून विचारायची मुभा असते. दोन, माझे ४४ शास्त्रात कुठंच धरता येणार नाहीत. मुलीनं रात्री चुलीजवळ, स्वतःला हवी ती उत्तरं काढत विचारलेले प्रश्न आहेत ते. प्रत्येक इन्व्हेस्टिगेटर आपापल्या परीनं समजावत बसली तर हजार फॉर्मची तुलनाच होणार नाही, हे मॅडमचं म्हणणं बरोबर होतं. पण मग छापायच्या आधीच गावात येऊन शब्द दुरुस्त करायला कोणी अडवलं होतं? पेढ्यांचे पैसे होते की!

गुगल फॉर्म तर विसराच. आमच्याकडं रेंज पाण्याच्या टाकीजवळ येते, आणि फॉर्म भरेल तो घरातला पोरगा, दहावी झालेला. त्याच्यासमोर कोणती बाई सांगणार आहे की मीच उठवलं होतं?

बोलता बोलता कोणी रडली तर पुढं काय, हे गावात शिरण्याआधी ठरवून ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, पण नुसता नंबर हातात देऊन निघून येऊ नका, तिच्यासमोर लावून द्या. आशाताईला आधी भेटा, तिला कोणत्या घरात काय झालं ते ठाऊक असतं.

नमुन्यांचा आकडा गाइडलाच विचारा, त्याचं सूत्र असतं. आणि आमच्याकडं येणारच असाल तर मोहाच्या दिवसांत येऊ नका, रोवण्यातही (धानाच्या लावणीत) नको. यवतमाळकडं जाणार असाल तर कापूस वेचणी टाळा. धान घरात आल्यावर या, दुपारी दोननंतर. काळा चहा चालत असेल तर आमच्याकडं उतरा. फक्त मायसमोर कापड फाडू नका.