क्यूबचा शेवटचा एकच कोपरा उलटा राहतो: चूक सूत्राची की क्यूबची?

तुमचा तीन-बाय-तीनचा रुबिक क्यूब थराथराच्या पद्धतीने शेवटपर्यंत येतो, पण पिवळ्या बाजूचा एक कोपरा उलटाच राहतो आणि सूत्र (चालींचा ठरलेला क्रम) कितीदाही लावलं तरी सुटत नाही, असं तुम्ही विचारलंय. बाकीचा क्यूब खरोखर पूर्ण लागलेला असेल, तर सूत्रात काही खोट नाही. तो कोपरा कधीतरी जागच्या जागी पिळला गेलाय आणि तो हातानेच परत फिरवायला हवा.

कोपऱ्याचा तुकडा तीन प्रकारे बसू शकतो: सरळ, घड्याळाच्या दिशेने एक पीळ, किंवा उलट दिशेने एक पीळ. क्यूबची कुठलीही बाजू फिरवा, आठही कोपऱ्यांच्या पिळांची बेरीज तीनच्या पटीतच राहते. त्यामुळे दोन कोपरे विरुद्ध दिशांना किंवा तीन एकाच दिशेला पिळलेले दिसू शकतात, एकटा कधीच नाही. कडांचे (दोन रंगांचे) तुकडेही असेच जोडीजोडीने उलटतात. आणि बाकी सगळं जागेवर ठेवून फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल कुठल्याच चालीने होत नाही. म्हणजे पिळाच्या तीन शक्यता, कडांच्या दोन आणि अदलाबदलीच्या दोन: तीन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे बारा. क्यूब खोलून कसाही जोडला, तर तो सुटण्याजोगा असण्याची शक्यता बारात एकच!

पण पिळायच्या आधी खात्री करा, कारण नवशिक्यांकडून बहुतेक वेळा इथे वेगळंच घडतं. शेवटच्या पायरीत आर-प्राइम, डी-प्राइम, आर, डी (आर म्हणजे उजवी बाजू, डी म्हणजे खालची, घड्याळाच्या दिशेने पाव फेरा; प्राइम म्हणजे उलट दिशेने) हा क्रम एका कोपऱ्यासाठी दोनदा किंवा चारदा लावायचा असतो. पिवळा रंग वर आला की शेवटची डी चाल लोक गाळतात. किंवा पुढच्या कोपऱ्यासाठी फक्त वरचा थर फिरवायच्या ऐवजी अख्खा क्यूबच हातात वळवतात. दोन्हींत खालचे थर विस्कटतात आणि दोष क्यूबला जातो. हा क्रम सहा वेळा लावला की खालचं सगळं मूळ जागी येतं. त्यामुळे चारही कोपरे पिवळे होईपर्यंत एकूण आवर्तनं सहाच्या पटीत भरायला हवीत. काळजीपूर्वक करूनही बेरीज सहाच्या पटीत येत नसेल आणि खालचे थर बिघडलेलेच राहत असतील, तर कोपरा नक्की पिळलेला आहे.

इतर बिघाड आधीच ओळखू येतात. पिवळ्या क्रॉसच्या (वरच्या बाजूला पिवळ्या कडांची फुली करायच्या) वेळी वर तोंड केलेल्या पिवळ्या कडा शून्य, दोन किंवा चारच असतात. एक किंवा तीन दिसल्या तर एक कड उलटी बसलीय. क्रॉसच्या कडा बाजूंच्या रंगांशी जुळल्यावर योग्य जागी असलेले कोपरे (पीळ सोडून द्या) शून्य, एक किंवा चार असतात. नेमके दोन असतील, तर कुणीतरी क्यूब खोलून चुकीचा जोडलाय. स्टिकरवाल्या क्यूबात आणखी एक पाहा: पांढरा-पिवळा, निळा-हिरवा, लाल-केशरी हे रंग समोरासमोर असतात, म्हणून यातली कुठलीही जोडी एकाच तुकड्यावर दिसली तर स्टिकर बदललेत.

आता दुरुस्ती. हल्लीच्या स्पीडक्यूबमध्ये (झटपट फिरवायच्या क्यूबमध्ये) क्यूब एका हातात घट्ट धरा, कोपरा दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत पकडा आणि पिवळा वर येईल तसा पिळा. एक तृतीयांश फेरा पुरतो. जुना, घट्ट क्यूब असेल तर जोर लावू नका, आतला पाय तुटतो. वरचा थर ४५ अंश फिरवा, त्यातली एक कड अंगठ्याने किंवा बोथट स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच उचकटा, मग कोपरा सहज निघतो. कोपरा नीट बसवा आणि शेवटी कड दाबा. उलटी कडही अशीच काढून फिरवायची.

वारंवार पिळत असेल तर क्यूब सैल आहे. मधल्या तुकड्यांची झाकणं काढून सहाही स्क्रू पाव-पाव फेरा आवळा, सगळे सारखेच. एकच आवळला तर क्यूब एका बाजूला अडतो. घालायचंच तर सिलिकॉन वंगण थेंबभर. खोबरेल तेल नको, ते थंडीत गोठतं आणि धूळ धरतं.

स्पर्धेतही असा एकटा कोपरा क्यूब न खोलता जागेवर पिळून सरळ करायची मुभा वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या नियमांत आहे. घड्याळ मात्र चालूच राहतं.

हे सगळं तीन-बाय-तीनपुरतं. चार-बाय-चारवर शेवटी कडांची एकच जोडी उलटी दिसणं नेहमीचंच आहे. त्याला पॅरिटी म्हणतात आणि त्यासाठी वेगळं सूत्र आहे. तिथे क्यूब उचकटू नका.