कांद्याचे शेंडे करपले? आधी द्रावण किती तीव्र होतं ते बघा

प्रश्न: रांगडा (उशिरा खरीप) कांदा दीड महिन्याचा आहे. १५ लिटरच्या पंपाला १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि युरिया मिळून पाव किलो टाकून दुपारी फवारलं. दोन दिवसांत सगळ्या वाफ्यांत शेंडे पांढरे पडून करपले. दुकानदार करपा रोग सांगून बुरशीनाशक देतोय. घेऊ का? (ता. निफाड)

उत्तर: घेऊ नका. करपा पातीवर लांबट, जांभळट चट्टे पाडतो आणि हळूहळू पसरतो. दोन दिवसांत सगळं रान एकसारखं पांढरं करत नाही. पाव किलो म्हणजे लिटरला साडेसोळा ग्रॅमच्या वर पडलं. त्यात दुपारचं ऊन. थेंबातलं पाणी उडून गेलं, खत मागे राहिलं. पातीच्या रसापेक्षा बाहेरचं द्रावण तीव्र झालं की ते पातीतलंच पाणी ओढून घेतं. दुपारी फवारू नका, हे दर हंगामात सांगतो.

"ईसी मीटर लावला, ठीक आहे" असं दुकानदार म्हणेल. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून हा मीटर विरघळलेले क्षार मोजतो. १३:०:४५ लिटरला १ ग्रॅम टाकलं की ईसी साधारण १.३ (mS/cm) ने वाढतो, पण युरिया मीटरवर दिसतच नाही. पातीतलं पाणी ओढायला मात्र तो वजनाला वजन जवळपास तेवढाच जोर लावतो. त्यामुळे युरिया असेल तिथे तराजूच खरा. चिमटीने, झाकणाने खत मोजणं बंद करा.

आता साध्या पाण्याची फवारणी घ्या, हलकं पाणी द्या, मग आठ दिवस पंप बाजूला ठेवा. करपलेली पात हिरवी होणार नाही. नवी पात चांगली येईल.

पुढे एका वेळी एकच खत, लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे पंपाला ७५. सकाळी लवकर किंवा चारनंतर. आधी बादलीत विरघळवा. युरिया विरघळताना पाणी गार होतं, गार पाण्यात दाणे सावकाश विरघळतात, तळाशी राहतात आणि शेवटच्या ओळींवर सगळ्यात तीव्र फवारा जातो. नवीन खत असेल तर आधी दोन वाफ्यांवर मारून तीन दिवस थांबा. दुकानदाराला घाई असते, पिकाला नसते.

प्रश्न: ठिबकच्या टाकीत पांढरा गाळ बसतो.

उत्तर: कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ (फॉस्फेटचं खत) एकत्र टाकलंत. कॅल्शियम-फॉस्फेटचा हा गाळ ड्रिपर बंद करतो. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी सोडा. "एकाच टाकीत चालतं" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून ते लिहून घ्या.

ठिबक अनुदान: केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. पूर्वसंमतीआधी संच घेऊ नका.