थर्मोस्टॅट बदलला म्हणून स्टिअरिंगची वॉरंटी जाते का?

प्रश्न: मी सेलूचा. दीड वर्षापूर्वी नऊ लाखांची पेट्रोल गाडी घेतली. पिवळी प्लेट आहे, मी स्वतःच चालवतो, पेशंटच्या फेऱ्या जास्त. मे महिन्यात गाडी लई तापायली होती, म्हणून गावातल्या मिस्त्रीनं ७१ डिग्रीचा थर्मोस्टॅट टाकला. ‘बारा महिने बघायचं काम नाही’ म्हणाला. २,२०० रुपये फोनपे केले, बिल नाही. आता थंडीत हीटर कोमट, अ‍ॅव्हरेज १८ वरून १४ वर, इंजिनचा दिवा लागलेला. त्यातच पॉवर स्टिअरिंग जड झालं. संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरनं बाहेरचा पार्ट पाहिला आणि इंजिन, स्टिअरिंग दोन्हींची वॉरंटी नाकारली. वर आरटीओचा धाक दाखवला. केस करावी का?

उत्तर: आरटीओचं आधी निकाली काढू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला, तिचं मूळ स्वरूपच पालटणारा फेरफार. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप; ती बदलणं त्यात बसत नाही. तो धाक विसरा.

स्टिअरिंगवर मात्र भांडा, आणि जोरात भांडा. तुमचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर त्याची मोटर वेगळी, सेन्सर वेगळा; कूलंटच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. वॉरंटी हा करार आहे, तेव्हा पुस्तिकेतली अट शब्दशः वाचा. बाहेरच्या पार्टमुळे झालेलं नुकसान वगळलं असेल, तर पार्ट आणि बिघाड यांचा धागा कंपनीनं दाखवायला हवा. बाहेर पाना लावला की सगळी वॉरंटी संपली, ही सरसकट अट बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगालाही पटली नव्हती. ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगानं १४ कार कंपन्यांना दंड केला आणि सांगितलं की बाहेरच्या सदोष कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. त्या आदेशावर अपिलं झाली, म्हणून तो हुकमाचा एक्का समजून आपटू नका. तर्क मात्र उचला.

इंजिनचं तसं नाही, तिथं तुमची बाजू लंगडी आहे. गॅरेज चालवणाऱ्या एका अशिलानं मला हे एकदा पातेल्यात पाणी उकळून दाखवलं होतं. थर्मोस्टॅट इंजिनाच्या तापमानाची खालची हद्द ठरवतो, वरची नाही. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. ७१ चा लवकर उघडतो, म्हणून थंडीत इंजिन पुरतं तापतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो. न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं, ओलावा उडून जात नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर बसतो. म्हणजे इंजिनाच्या बाबतीत कंपनीला धागा आयता मिळतो. तिथं एवढंच मागा की तपासणी करून कारण लेखी द्या.

गंमत अशी, की मे महिन्यातल्या ४२ अंशांत या पार्टचा उपयोग जवळपास शून्य. एकदा थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की पुढचं सगळं रेडिएटर, पंखा आणि कूलंटवर. म्हणजे मिस्त्रीनं रोग सोडून भलतंच औषध दिलं. ही सेवेतली कमतरता ठरू शकते, आणि बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण कमतरता सिद्ध करायची तुम्हीच. उलटतपासणीत पहिला प्रश्न येईल, ‘रेडिएटरमध्ये कूलंट होतं का बोअरचं पाणी?’ दुसरा, ‘कमी डिग्रीचा पार्ट तुम्हीच मागितला ना?’ दोन्हींची उत्तरं खरी आणि तुमच्या बाजूची असतील तरच त्याला ओढा. मी तुमच्या जागी असतो तर ऑइल-फिल्टरचा खर्च मागून तिथंच मिटवलं असतं. गावात रोज तोंड बघायचं आहे.

पिवळ्या प्लेटमुळे कंपनी म्हणेल, हे ‘व्यापारी प्रयोजन’, तुम्ही ग्राहकच नाही. पण केवळ पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, आणि लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये स्वतः रिक्षा चालवणाऱ्याचंच उदाहरण दिलं होतं. तिथंच हेही सांगितलं की गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालवायला दिली तर हा आधार मिळत नाही. तेव्हा दुसरी गाडी घेऊन ड्रायव्हर ठेवला असेल तर मला लपवू नका.

आता कामाचं. नकार तोंडी असेल तर सेंटरला ईमेल करून लेखी मागा. जॉब कार्ड आणि स्कॅन रिपोर्ट घ्या. त्यात पी०१२८ असा कोड निघाला तर त्याचा अर्थ कूलंट हवं तितकं तापत नाही. मग कंपनी आणि डीलर दोघांना पंधरा दिवसांची नोटीस. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करून ठेवा, कधी कधी तेवढ्यानंही डीलर हलतो. नाहीच जमलं तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. सेंटर संभाजीनगरला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. फी भरपाईच्या मागणीवर नसते, मोजलेल्या किमतीवर असते. नऊ लाखांच्या गाडीला २०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. तुम्ही त्याहून जास्त धरून चाला.

आणि तो ७१ चा थर्मोस्टॅट घेऊन हिवाळाभर फिरू नका. नुकसान वाढू न देणं तुमच्याही अंगावर आहे. आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, ऑइलचा नमुना बाटलीत भरून ठेवा, मग कंपनीचा मूळ थर्मोस्टॅट बसवून ऑइल-फिल्टर बदला आणि पक्की बिलं घ्या. काढलेला पार्ट मिस्त्रीच्या भंगाराच्या डब्यात जाऊ देऊ नका. अंगावर ७१ चा आकडा छापलेला असेल, तो फोटोत दिसू द्या, पिशवीवर तारीख लिहा आणि पिशवी घेऊनच माझ्याकडे या.