फ्लूची लस दरवर्षी कशाला? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

पत्र पहिलं

मॅडम, धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात मी आयसीयूला स्टाफ नर्स आहे. नोकरीला लागले तेव्हा हिपॅटायटिस-बीचे तीन डोस झाले, मग रक्त तपासलं. अँटिबॉडी 10 च्या, म्हणजे संरक्षणाला पुरेशी मानतात त्या पातळीच्या, पुष्कळ वर निघाल्या, आणि तेव्हापासून त्या लसीचं कुणी नावही काढलं नाही. फ्लूची मात्र दर नोव्हेंबरला रांग लावून टोचतात. माझ्या अकरा झाल्या. एवढं करून मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात ताप भरला, स्वॅबमध्ये फ्लूच निघाला, चार दिवस उठता आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "काहून घेते बाप्पा दरवर्षी? गुण तर येत नाही." आमच्यातली एक जण म्हणते, सारखी घेतली की उलट असर कमी होतो. यंदा घेऊ की नको? हिपॅटायटिससारखी टायटर, म्हणजे रक्तातली अँटिबॉडीची पातळी, तपासून ठरवता येईल का?
— एक परिचारिका, नागपूर

उत्तर

यंदाही घ्या, सिस्टर. फक्त नोव्हेंबरपर्यंत थांबू नका, मे महिन्यातच घ्या. त्याचं कारण पुढे सांगते. आधी हिपॅटायटिसचं बघू, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

लस घेतल्यावर शरीरात दोन गोष्टी होतात. रक्तात तयार अँटिबॉडी फिरू लागतात, आणि तो विषाणू ओळखणाऱ्या स्मृतिपेशी मागे राहतात. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण 60 ते 150 दिवस जातात. स्मृतिपेशींना जागं होऊन नव्या अँटिबॉडी बनवायला काही दिवस पुरतात. म्हणून आज तुमची टायटर 10 च्या खाली गेलेली असली तरी काळजी नाही, शरीराकडे हाताशी भरपूर वेळ आहे. फ्लूचं तसं नाही. त्याला लागतात एक ते चार दिवस, बहुतेकदा दोनच. मंगळवारी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं सक्शन करताना, म्हणजे नळीने कफ ओढून काढताना, शिरलेला विषाणू गुरुवारी तुम्हाला अंथरुणात टाकतो. स्मृतिपेशी त्याला ओळखतात, कामालाही लागतात, पण तोवर ताप चढलेला असतो. त्यांच्यामुळे आजार हलका जाऊ शकतो, टळेलच असं नाही. फ्लू टाळायचा तर अँटिबॉडी आधीपासून तयार हव्यात, आणि त्याच फार टिकत नाहीत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लूची लस घेतलेल्यांची अस्थिमज्जा तपासली होती. अँटिबॉडी बनवणाऱ्या नव्या पेशी महिन्याभरात तिथे पोहोचलेल्या दिसल्या. वर्षभराने पाहिलं तर त्यातल्या बहुतेक नाहीशा झाल्या होत्या.

त्यात हा विषाणू रूप बदलत राहतो. गोवराचा विषाणू बदलत नाही, म्हणून लहानपणी टोचलेली गोवराची लस जन्मभर पुरते. फ्लूच्या विषाणूंमध्ये एच-3-एन-2 हा प्रकार सगळ्यात चंचल. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी.

आता तुमच्या पत्रातल्या तारखा जवळजवळ ठेवा. लस नोव्हेंबरात, ताप पोळ्याला. मधे नऊ महिने गेले! आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाबरोबर येते, जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. एक लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये असते. तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत निघते आणि लोक "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतात, ते दिवस ऐन फ्लूचे. नोव्हेंबरात घेतलेल्या लसीचा जोर तोवर ओसरलेला असतो. लस वाया गेली असं मी म्हणणार नाही, जानेवारीच्या लाटेत ती कामी आली असेल. पण नागपूरच्या मोठ्या लाटेसाठी ती उशिराची, किंवा फार लवकरची म्हणा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे थंड देशांचं वेळापत्रक आहे. भारतात ते श्रीनगरला लागू पडतं, विदर्भाला नाही.

म्हणून एप्रिलअखेर ते मे, दक्षिण गोलार्धाची त्या वर्षीची लस. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी पावसाळ्याआधी हीच ताजी असते. अँटिबॉडी तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे मृगाच्या आधी शरीर तयार. नोव्हेंबरच्या डोसला सहा महिने झालेले असतील, पुन्हा घ्यायला हरकत नाही. तुमच्या मेट्रनला, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांना, मार्चमध्येच भेटा, कारण मागणी नोंदवायला वेळ लागतो. लस 2 ते 8 अंशांत ठेवायची असते आणि आपल्या मे महिन्यात बाहेर पारा 45 वर असतो. खोका कशातून आला, फ्रिजच्या तापमानाची नोंद कोण ठेवतं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचाराच.

मैत्रीण म्हणते त्यात तथ्य आहे, ते मी झाकून ठेवणार नाही. सारखी लस घेणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा नव्या डोसनंतर अँटिबॉडीची उडी पहिल्यांदाच घेणाऱ्यांपेक्षा लहान दिसली. एक कारण साधं आहे: त्यांची पातळी आधीच थोडी वर असते. काही वर्षी, विशेषतः एच-3-एन-2 च्या बाबतीत, मागच्या वर्षीही घेतलेल्यांना संरक्षण थोडं कमी मिळालं, असंही आढळलं आहे. पण तुलना कुणाशी करायची? अजिबात न घेतलेल्याशी. त्या तुलनेत दरवर्षी घेणारेच पुढे राहतात. लस आणि फिरता विषाणू चांगला जुळला त्या वर्षी दवाखाना गाठावा लागेल अशा फ्लूचा धोका साधारण 40 ते 60 टक्के कमी होतो. शंभर टक्के कधीच नाही. सासूबाईंना हेच सांगा, त्यांचा राग खोटा नाही.

टायटरवर पैसे घालवू नका. फ्लूच्या अँटिबॉडीचा 1:40 हा आकडा (रक्तद्रव चाळीस पट पातळ केला तरी अँटिबॉडी विषाणूला अडवतात, ती पातळी) अभ्यासात वापरतात, पण त्याचा अर्थ त्या पातळीला सुमारे निम्मं संरक्षण, इतकाच. आणि तेही ज्या विषाणूविरुद्ध तपासलं त्याच्यापुरतं. एका माणसाला "तुम्ही सुरक्षित" असं सांगायला तो आकडा पुरत नाही.

दीर्घ स्मृती मात्र खरोखर असते, आणि मला तिचं फार अप्रूप वाटतं. 2009 च्या स्वाइन फ्लूत आमच्या विलगीकरण कक्षात खाटेवर तिशी-पस्तिशीची माणसं होती, आजी-आजोबा कमी. असं जगभर दिसलं. म्हाताऱ्यांच्या शरीराने लहानपणी पाहिलेला फ्लू त्या नव्या विषाणूशी मिळताजुळता होता. 1918 ची साथ आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखली गेली. त्या साथीच्या काळातल्या, नव्वदी ओलांडलेल्या 32 जणांचं रक्त परदेशात तपासलं. 2008 सालच्या त्या अभ्यासात जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही त्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. पण तशी स्मृती त्याच जातीच्या विषाणूपुरती असते, आणि पुढच्या पावसाळ्यात कोणता येईल ते आपल्या हातात नसतं.

माझं एक सांगते. एका वर्षी घरात लग्न होतं, लस राहून गेली. "जूनमध्ये घेऊ" म्हटलं, जुलै उजाडला. एका सकाळी घसा खवखवत होता, तरी राउंड घेतला. दुपारी ताप आला. फ्लू असलेला माणूस ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवतो, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. तिसऱ्या दिवशी डायलिसिसवरच्या एका काकांना ताप आला. माझ्याकडूनच गेला हे सिद्ध करता येणार नाही. बारा दिवसांनी ते घरी गेले, मला हात जोडून गेले. ते हात जोडणं मला अजून सोसत नाही. तेव्हापासून माझी लस मे महिन्यात असते.

पत्र दुसरं

मी एका दवाखान्यात कंत्राटावर सफाई कामगार आहे. लस डॉक्टर अन् सिस्टरलाच देतात. आम्हाला म्हणतात, तुमचं नाव यादीत नाही. आम्हाला नाही का होत फ्लू?
— एक वाचक, इतवारी

उत्तर

होतो, दादा, आणि तुमच्याकडून रुग्णालाही होतो. खाट तुम्ही पुसता, थुंकीचं भांडं तुम्ही उचलता, स्ट्रेचर तुम्ही ढकलता. आरोग्य कर्मचारी म्हणजे रुग्णालयात काम करणारं प्रत्येक माणूस: सफाईवाले, स्वयंपाकघरातले, नोंदणी खिडकीवरचे, कंत्राटाचे सुद्धा. विषाणू पगाराची पावती बघत नाही. तुम्हाला यादीबाहेर ठेवणं ही चूक आहे, आणि ती वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाला महागात पडू शकते. चार-पाच जण मिळून लेखी अर्ज द्या, संसर्ग नियंत्रण समितीच्या नावे. पोच घ्या. मार्च संपायच्या आत.

पत्र तिसरं

लस चार विषाणूंची चांगली की तीन? दुकानदार म्हणतो, तीनची जुनी.
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर

आता दोन्ही चालतात. चौथा विषाणू, बी-यामागाता, मार्च 2020 नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही. सप्टेंबर 2023 पासून जागतिक आरोग्य संघटनाही त्याला लसीतून वगळा म्हणते. त्यामुळे तीनची मिळाली तर कमी मिळाली असं समजू नका. मोजणी करण्यापेक्षा खोक्यावरचं वर्ष, "दक्षिण गोलार्ध" हे शब्द आणि वापराची अंतिम तारीख वाचून घ्या.