तुमचा कॉम्प्युटर, तुमचे प्रश्न: अपग्रेडनंतर कार्ड ओळखच देईना

या वेळी आलेल्या प्रश्नांत बरेच एकाच दुखण्याचे आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडे एकदम विंडोज ११ वर अपग्रेडची लाट आली, आणि अपग्रेड झालं की पहिली ओरड नेटची. एक सांगून ठेवतो, खाली कमांड देवनागरीत छापल्यात पण टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरा, मागच्या वेळी एकानं खरंच मराठी कीबोर्डवर टाइप करून बघितलं होतं.

प्रश्न: सर नमस्कार, आमचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे, पत्रिका मराठी-कन्नड दोन्हीत करतो. तुळशीचं लग्न झालं की आम्हाला मान वर करायला वेळ नसतो म्हणून त्याआधीच मेन कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेला. वायफायवर इंटरनेट चालतंय पण लॅनच्या वायरवर असलेला प्लॉटर (मोठ्या छपाईचं मशीन) सापडत नाही. कॉम्प्युटरचा जुना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१०.५ परत टाकायला गेलो तर म्हणतंय की हा आयपी दुसऱ्या अडॅप्टरला (नेटवर्क कार्डाला) दिलाय आणि तो अडॅप्टर आता या कॉम्प्युटरमध्ये नाही. नसलेल्याकडं आयपी राहतोच कसा? रिपेरीवाला म्हणतोय कार्ड गेलं, नवीन टाका. काय करू?
— शहापूर, बेळगाव

उत्तर: दादा, कार्ड बदलू नका, पैसे खिशात ठेवा. कार्ड गेलं असतं तर आयपी टाकायची खिडकी तरी उघडली असती का? झालंय असं की अपग्रेड करताना विंडोजनं ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बदलला आणि तेच कार्ड नवीन म्हणून धरलं. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल टाइप करा, बहुतेक तिथं नुसतं 'इथरनेट' न दिसता 'इथरनेट २' दिसेल. आणि आयपी १६९.२५४ नं सुरू होत असेल तर समजा की कार्डाला कुणी आयपी दिलाच नाही म्हणून त्यानं स्वतःच्या मनानं एक घेतलाय. तुमच्या प्लॉटरच्या लाइनवर राउटर नाही असं धरतो, मग देणार कोण?

नसलेल्याकडं आयपी कसा, तर आपल्याकडं शेत नातू कसतो आणि उताऱ्यावर नाव आजोबांचंच असतं ना, तसं. जुन्या कार्डाची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, तशीच पडलीय, आयपी तिच्या नावावर. ती नोंद काढायची. डिव्हाइस मॅनेजर उघडा, वरच्या व्ह्यू मेनूत 'शो हिडन डिव्हायसेस' वर टिक करा आणि खाली नेटवर्क अडॅप्टर्स उघडा, आता तिथं काही नावं फिकट दिसतील, त्यात तुमच्या कार्डाच्याच कंपनीचं फिकट नाव शोधून त्यावर राइट क्लिक आणि अनइन्स्टॉल. ड्रायव्हर पण डिलीट करू का असं विचारलं तर तिथं टिक करू नका, कारण तोच ड्रायव्हर चालू कार्डाला लागत असला तर नसती भानगड. आणि 'वॅन मिनीपोर्ट' नावाची पाच-सहा पोरं तिथं दिसतील त्यांना अजिबात हात लावू नका, ती विंडोजचीच आहेत.

मग रन मध्ये एनसीपीए डॉट सीपीएल टाका, चालू कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी व्हर्जन ४ उघडून जुना आयपी टाका, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. आता इथं नीट लक्ष द्या, *गेटवेचा रकाना मोकळा सोडा*. तुमचं इंटरनेट वायफायवरून येतंय, लॅनवर फक्त प्लॉटर आहे. गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार, तो तिथं टाकला की विंडोजला दोन दारं दिसतात आणि वायर वायफायपेक्षा फास्ट म्हणून ते वायरच्या दारानं बाहेर पडायला बघतं, तिथं पुढं प्लॉटर सोडून काहीच नाही, मग इंटरनेट पण गेलं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, स्वतः एकदा हेच करून बसलो होतो आणि अर्धा दिवस नेटवाल्याला फोन करून करून भंडावलं, बिचारा दोनदा येऊन गेला, लाइन तर ठीकच होती. शेवटी आमची आई म्हणाली काय करूलालास रे सकाळपासून, जेवून घे, आणि जेवून आल्यावर तो रकाना दिसला.

आयपी बसला की प्लॉटरच्या आयपीला पिंग करून बघा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, स्पेस, प्लॉटरचा आयपी टाइप करा. रिप्लाय आला पण प्रिंट जात नसली तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पोर्टचा आयपी बरोबर आहे का बघा, अपग्रेडमध्ये तिथं पण कधी कधी नवीन पोर्ट तयार झालेला असतो. दुकानातले बाकीचे कॉम्प्युटर पण त्याच स्विचवर (लॅनच्या वायरी जोडायच्या डब्यावर) असतील तर आणखी एक दुखणं येणार, आत्ताच सांगतो. नवीन कनेक्शनला विंडोज 'पब्लिक' धरतं, म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय असल्यासारखं सगळं शेअरिंग बंद. घरच्या-दुकानच्या लाइनला ते 'प्रायव्हेट' करा, वायफायला नको असेल तर नका करू. शिवाय विंडोज ११ ची २४एच२ व्हर्जन प्रो एडिशनमध्ये असेल तर बिनपासवर्डचा शेअर केलेला फोल्डर ती उघडूच देत नाही. त्यावर रजिस्ट्रीत खाडाखोड करायचे उपाय फिरतायत, ते करू नका, ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे तिथं एक युजर बनवा, पासवर्ड द्या, विषय संपला.

प्रश्न: आमचा तंबाखूचा व्यापार आहे, ऑफिस आणि गोडाऊनमध्ये लॅन ओढलंय. विंडोज ११ केल्यापासून गोडाऊनच्या कॉम्प्युटरवर लिंक स्पीड १००० एमबीपीएसच्या जागी १०० दाखवतंय. स्पीड अँड डुप्लेक्समध्ये जाऊन १ जीबीपीएस सिलेक्ट केलं तर कनेक्शनच तुटतंय. ड्रायव्हर तीन वेळा टाकला. जुनं विंडोजच बरं होतं का?
— निपाणी

उत्तर: काका, ड्रायव्हरला सोडा, वायरकडं जा. १०० च्या स्पीडला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिना १, २, ३ आणि ६. १००० ला चारी जोड्या लागतात. उरलेल्या दोनमधली एक तार जरी तुटली किंवा क्लिपमध्ये सैल असली तरी दोन्ही बाजूची कार्डं आपसात ठरवून १०० वर उतरतात आणि काम चालू ठेवतात, तुम्ही जबरदस्तीनं १००० सांगितलं की उतरायची वाटच बंद, म्हणून तुटतंय. ते परत 'ऑटो निगोशिएशन' वर ठेवा.

आता अपग्रेडनंतरच कसं झालं? माझा अंदाज, अपग्रेड करायला तुम्ही सीपीयू ऑफिसात उचलून आणला असणार आणि परत नेऊन लावताना क्लिपची ती छोटी प्लॅस्टिकची जीभ मोडली. ती मोडली की क्लिप आत बसल्यासारखी दिसते पण टच धरत नाही, बोटानं दाबली तर स्पीड वर जातो का बघा. नाहीतर गोडाऊन म्हटल्यावर उंदीर आहेतच. ऑफिसातली एक चांगली पॅच केबल नेऊन स्विच जवळ असेल तिथं कॉम्प्युटर जोडून बघा, १००० आला की कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही सुटले आणि दोष ओढलेल्या वायरवर आला.

लाइन मधूनमधून पडत असेल, विशेषतः कॉम्प्युटर झोपून उठल्यावर, तर मात्र सेटिंग बघायला हरकत नाही. कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' असतील ते डिसेबल करा, आणि पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी दिलेली असते ती टिक काढा. नवीन ड्रायव्हर आला की ह्या तिन्ही गोष्टी बऱ्याचदा गुपचूप परत चालू होतात. बाकी तुम्ही गोडाऊनमध्ये नुसत्या आवक-जावकीच्या एन्ट्र्या करत असाल तर १०० वर पण काही अडत नाही हो, खरं सांगतो.

प्रश्न: अपग्रेडनंतर लॅन कार्ड दिसतच नाही, 'इथरनेट कंट्रोलर' वर पिवळा त्रिकोण आहे. ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट पाहिजे आणि नेटला ड्रायव्हर पाहिजे. डेस्कटॉपला वायफाय नाही.
— जांबोटी, ता. खानापूर

उत्तर: ताई, मोबाइलची चार्जिंगची वायर कॉम्प्युटरला लावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, ॲन्ड्रॉइड फोन विंडोज बहुतेक आपणहून ओळखतं. वायर डेटाची पाहिजे, काही वायरी फक्त चार्ज करतात. जांबोटीत घरात रेंज येत नसेल तर मग फाइल बाहेरून पेनड्राइव्हवर आणायची, पण कुठली आणायची ते आधी बघून जा, नाहीतर दोन खेपा. त्या पिवळ्या त्रिकोणाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅब, तिथं हार्डवेअर आयडी. व्हीईएन च्या पुढं १०ईसी असेल तर रियलटेक, ८०८६ असेल तर इंटेल. ती ओळ मोबाइलवर फोटो काढून न्या आणि ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकटची सॉफ्टवेअरं टाकू नका. अपग्रेड करून दहा दिवस झाले नसतील तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परत जायची वाट पण उघडी असते, पण एवढ्यासाठी नको.

प्रश्न: नेटवर्क रिसेट दाबू का?
— चिकोडी

उत्तर: सगळ्यात शेवटी. आधी आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलचा फोटो काढून ठेवा, कारण रिसेटमध्ये सगळी कार्डं काढून परत टाकली जातात, हातानं दिलेले आयपी, वायफायचे पासवर्ड, व्हीपीएन, सगळं जातं. आणि दाबायच्या आधी एकदा वायर काढून परत लावून बघितली का?